मुलुंडच्या गच्चीवरची बरणी

आमच्या विभागात ओल्या कचऱ्याचा एक आणि सुक्या कचऱ्याचा एक असे दोन डबे आहेत, आणि संध्याकाळी दोन्ही एकाच काळ्या पिशवीत रिकामे होतात. यावरून मी एकदा विभागप्रमुखांशी कडाकडा भांडले, तेव्हा त्यांनी तिसरा डबा आणला. त्यावर 'ई-कचरा' असं लिहिलंय आणि त्यात सगळे चहाचे कप टाकतात. पर्यावरणशास्त्र शिकवत पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस एकतर संत होतो किंवा चिडका. मी संत झाले नाही हे आमच्या मजल्यावर कुणीही सांगेल. कॉरिडॉरमध्ये माझ्या चपलांचा आवाज आला की प्रयोगशाळेतलं रेडिओवरचं गाणं बंद होतं.

सांगायचं आहे ते माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल. ती विक्रोळीच्या चाळीतली. वडील मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर एका कंपनीच्या गेटवर नोकरी करून निवृत्त झालेले. मुलगी हुशार, पण बोलायचं म्हटलं की अर्धं वाक्य पोटात ठेवणारी. घाटकोपरच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे ज्या दिवशी तास त्या दिवशीच नोकरी. तिथे कायमची जागा निघणार होती आणि पीएच.डी. असेल तरच अर्ज घेणार होते. प्रबंधाची मुदत आम्ही दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा वाढवून मिळत नाही. जूनअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, डिग्री गेली आणि कॉलेजही गेलं, इतका साधा हिशोब होता.

तिचा विषय होता उपनगरांत आकाशातून खाली बसणारी धूळ. त्याची रीत अगदी बाळबोध आहे. गच्चीवर उंच स्टँडवर एक मोठा उघडा जार ठेवायचा, कावळ्यांनी त्यात पावाचे तुकडे बुडवू नयेत म्हणून वर जाळी लावायची आणि तळाशी थोडं पाणी घालायचं. पडलेली धूळ वाऱ्याने परत उडू नये एवढ्यासाठीच ते पाणी. महिन्याच्या एक तारखेला जार उतरवायचा, पाणी फिल्टर पेपरमधून गाळायचं, पेपर सुकवून वजन करायचं. ऑक्टोबर ते मे, असे दोन हंगाम. अंधेरी, दिंडोशी, बोरिवली, घाटकोपर, विक्रोळी आणि मुलुंड अशा सहा गच्च्या. जागा मिळवताना पोरीने वहाणा झिजवल्या. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने तिला विचारलं होतं, धूळ आमच्याकडे पडते हे पेपरात छापून येणार का, फ्लॅटचे भाव पडतील.

मुलुंडची गच्ची आमच्याच सोसायटीची. आमच्या आवारात जुनी झाडं आहेत, दोन जांभळं, एक बकूळ आणि गेटपाशी मोठा पर्जन्यवृक्ष. पार्किंगसाठी तो पर्जन्यवृक्ष तोडायचा ठराव दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी भांडून तो हाणून पाडते. पहिल्या हंगामाचे आकडे आले, तेव्हा पाच गच्च्यांवर धूळच धूळ आणि मुलुंडला जेमतेम. मला काय आनंद झाला! झाडं धूळ अडवतात हे आमच्या दारातच सिद्ध झालं होतं. तो आलेख मी सोसायटीच्या वार्षिक सभेत नेऊन सेक्रेटरीच्या नाकासमोर नाचवला. विभागप्रमुखांनी त्याचं पोस्टर करून लिफ्टशेजारी लावलं. प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण त्याच आकड्यांवर उभं राहिलं. बाकीच्या गच्च्यांचे आकडे जरा इकडेतिकडे झाले की मी पोरीला उभं करून दहा प्रश्न विचारायची. मुलुंडबद्दल एकही विचारला नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

मे महिन्यातल्या एका रविवारी ड्राय बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले. तिथे दोरीवर चिमटे लावून माझ्या जुन्या मलमलच्या ओढणीचा चौकोनी तुकडा टांगलेला होता. धुतलेला होता, पण मध्यभागी काळपट गोल डाग. तवा पुसल्यावर फडक्यावर येतो तसा.

"अहो, हे कसलं फडकं?" मी नवऱ्याला विचारलं.

ते पेपर वाचत होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, अत्यंत टापटिपीचा माणूस. डाळींच्या डब्यांवर तारखेसकट चिठ्ठ्या लावतात. मान वर न करता म्हणाले, "ते होय? गच्चीवरच्या बरणीचं."

"बरणीचं म्हणजे?"

"तुझ्या त्या प्रयोगाच्या बरणीचं. पाणी गाळतो ना मी दर रविवारी."

मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. "गाळता म्हणजे काय करता?"

आता त्यांनी पेपर खाली ठेवला आणि कौतुकाची अपेक्षा असलेल्या चेहऱ्याने सविस्तर सांगितलं. बरणीतलं पाणी या फडक्यातून पातेल्यात गाळायचं, बरणी आतून पुसून घ्यायची आणि तेच पाणी परत ओतायचं. एक थेंब वाया जाऊ देत नाही. कमी झालं असेल तर मी दिलेल्या कॅनमधलं शुद्ध पाणी खुणेपर्यंत घालायचं. "इतका कचरा पडतो गं त्यात. तुझं नाव लिहिलंय बरणीवर. सकाळी सगळे तिथे चालायला येतात. लोक म्हणतील, प्रोफेसर बाईंचं पाणी बघा कसं गढूळ."

"अहो, तो कचराच मोजायचा होता."

"म्हणजे?"

"धूळ. धूळ मोजतोय आम्ही. दोन वर्षं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू मला धुळीचं कधी बोललीच नाहीस. सोसायटीच्या सभांना तर मी येत नाही. तू म्हणालीस, पाणी आटू देऊ नका. कॅन आणून दिलास, खूण दाखवलीस. मला वाटलं, पाण्याचंच काहीतरी आहे."

मी सांगितलं होतं असं मी ठणकावून म्हणाले. दहा वेळा सांगितलं होतं, पण तुमचं लक्ष कुठे असतं. तासभर मी नुसती बडबडत होते, विमा कंपनीपासून सासूबाईंपर्यंत कुणाला सोडलं नाही. पण खरं सांगायचं तर आठवायचा कितीही प्रयत्न केला तरी धुळीबद्दल त्यांना काही सांगितल्याचं मला आठवेना. पाण्याचं मात्र स्वच्छ आठवत होतं. जेवताना ते हळूच म्हणाले, "मी लिहून देऊ का तुझ्या ऑफिसात, चूक माझी म्हणून?" तेव्हा मला रडू आलं. रागाने आलं की कशाने, मी तपासलं नाही.

झाडांचं प्रकरण मेलं होतं आणि हातात सहा आठवडे होते. आता हे त्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी तिला प्रयोगशाळेत बोलावलं, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. ती रडेल, निदान मटकन खाली बसेल असं मला वाटलं होतं. तिने ऐकून घेतलं, उठली आणि आपल्या कपाटातून एक पाकीट घेऊन आली. त्यात फिल्टर पेपर होते, ओळीने तारखा घातलेले. प्रत्येकावर पेन्सिलीने 'मुलुंड ब' लिहिलेलं. सगळे काळपट, अंधेरी-घाटकोपरच्या पेपरांसारखेच.

"हे काय आहे?"

"दुसरा जार, मॅडम. तुमच्याच गच्चीवर, टाकीच्या मागे. डिसेंबरपासून. वॉचमन काकांना सांगून ठेवला होता."

"का?"

"पहिला आतून पुसलेला असायचा. धूळ पडली की काचेला आतून कडं धरतं ना, ते मुलुंडला कधीच नसायचं. मला वाटलं, कुणीतरी साफ करतंय."

मी तो पेपर उलटसुलट करून बघत राहिले. म्हणजे झाडं असोत-नसोत, वरून पडणारी धूळ आमच्याही गच्चीवर तेवढीच पडत होती. ते पोस्टर, ती सभा, सगळं फुकट. आणि या मुलीला ते पाच महिने माहीत होतं. मग माझा पारा चढलाच.

"मग मला का नाही सांगितलंस? मी काय खाते का तुला?"

तिने पाकिटाची घडी नीट केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगितलं होतं, मॅडम. जानेवारीत. दोन्ही जारचे पेपर घेऊन तुमच्या केबिनमध्ये आले होते. तुम्ही म्हणालात, आधी वजन नीट करायला शिक, मग माझ्या बिल्डिंगवर संशय घे. आणि सगळे पेपर परत वजन करायला लावलेत. तीन दिवस लागले."

मला यातलं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. खोटं बोलत असेल असं क्षणभरही वाटलं नाही, कारण वाक्य माझंच होतं. मी अशी वाक्यं दिवसाला चार तरी बोलते. तिने ते शब्दन् शब्द पाठ ठेवलं होतं आणि मी संध्याकाळपर्यंतसुद्धा लक्षात ठेवलं नसणार.

मग आम्ही कामाला लागलो. दुसऱ्या जारचे आकडे होते म्हणून निदान शेवटचे सहा महिने हाताशी राहिले. झाडांचं प्रकरण काढून टाकून नवं लिहायला घेतलं. ती कॉलेजचे तास संपवून तीन वाजता यायची, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिची अर्धी वाक्यं पुरी होईपर्यंत गप्प बसायला शिकत होते. ते फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा तिचं बोलणं तोडलं आणि दोन्ही वेळा तिने पेन खाली ठेवून वाट पाहिली.

विभागप्रमुखांना सांगितलं तर ते म्हणाले, "पोस्टर राहू दे की. तो निष्कर्ष नाही, संदेश आहे." मी खुर्चीवर चढून ते स्वतःच्या हाताने काढलं. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला, त्यावरून आमचं अजून बोलणं बंद आहे.

नव्या प्रकरणाचा मसुदा तिने आणून दिला. जुने आकडे का वगळले याचं एक वाक्य त्यात होतं. इंग्रजीत होतं, पण अर्थ असा, की मुलुंड येथील पहिल्या जारच्या नोंदी संशोधकाच्या निष्काळजीपणामुळे दूषित झाल्याने विचारात घेतलेल्या नाहीत.

"हे काय लिहिलंस?"

"तुमचं नाव नको यायला, मॅडम. सरांचंही नको." सर म्हणजे माझा नवरा. "परीक्षक दोन शब्द बोलतील, ऐकून घेईन. मला सवय आहे."

कुणाची सवय, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लाल पेन घेऊन 'संशोधकाच्या' हा शब्द खोडला आणि वर 'मार्गदर्शकाच्या' असं लिहिलं. ती म्हणाली, असं कुणी लिहीत नाही मॅडम, तुमच्या पुढच्या विद्यार्थ्यांना त्रास होईल. मी म्हटलं, माझ्याकडे पुढचे विद्यार्थी आले तर बघू.

प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. तोंडी परीक्षेला पुण्याहून एक ज्येष्ठ परीक्षक आले. खोली भरलेली होती, विभागप्रमुख पहिल्या रांगेत, ती फळ्याजवळ उभी, साडीची पिन दोनदा चाचपून झालेली. शेवटच्या बाकावर तिचे वडील टोपी मांडीवर ठेवून बसले होते. परीक्षकांनी बरोबर ते पान उघडलं, वाक्य मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असं वाक्य मी आजवर वाचलेलं नाही," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "नोंदी दूषित आहेत हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"डिसेंबरमध्ये, सर."

"आणि प्रकरण बदललंत मे महिन्यात. पाच महिने हे मार्गदर्शकांना सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला? हा संशोधकाचा दोष नाही का?"

मला तिच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं दिसलं, अर्धं वाक्य पोटात ढकलण्याची तयारी. ती आता 'हो सर, माझं चुकलं' म्हणणार होती. एवढ्या लोकांसमोर मला वाचवणं तिला सोपं होतं. आणि माझा नीचपणा असा, की क्षणभर मला वाटलं, म्हण बाई, म्हणून टाक.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं होतं, सर," ती म्हणाली. "जानेवारीत. मॅडमनी ऐकलं नाही."

विभागप्रमुखांनी खुर्चीत मागे वळून माझ्याकडे बघितलं. परीक्षक माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. तिने सांगितलं होतं."

त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न तिलाच विचारला. तिने त्याचं उत्तर न थांबता, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत दिलं.