डोक्यामागची उशी
माझ्या वरातीच्या दिवशी सासऱ्यांनी गाडीच्या पुढच्या दोन सीटांवरच्या उशा उपटून काढल्या. नवरदेवाचा फेटा मागं उशीला अडून कपाळावर येत होता, एवढंच कारण. सासर जळगाव जामोदजवळच्या गावात. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झालेली, आणि गावात गाडी आमचीच एकटी, मुंबईच्या कुणा शेठकडून घेतलेली जुनी विलायती.

लग्न उरकलं, नवरदेवाचा फेटा पेटीत गेला, उशा मात्र गाडीत परतल्या नाहीत. सासरे रोजच फेटा बांधत, त्यांना बिनउशीची सीटच बरी वाटे. एक उशी सासूबाईंनी दळण निवडताना पाठीशी घेतली. दुसरीचा खटका झिजलेला होता, वर ओढली की आपोआप खाली बसायची. ती कोठीवर पडून राहिली.

वस्तू दिसली की तिचं काम विचारायचं, ही माझी लहानपणची खोड. उशीला लोखंडी पाय कशाला? नवरा म्हणाला, साहेबलोक झोपत असतील. सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे, म्हणून त्यांना सासूबाईंमार्फत विचारलं. उत्तर आलं, "मुंबईवाल्याइची मान नाजूक असते, सांग तिले." मला रागच आला. एवढी गाडी बनवणारा माणूस नुसत्या लाडासाठी लोखंड वाकवत बसेल?

कापसाच्या दिवसांत बापलेक खामगावला गेले. नवरा गाडी चालवत होता, सासरे शेजारी. बाजाराजवळ बैलगाड्यांच्या मागं थांबले असताना पाठीमागून कापसाचा ट्रक येऊन आदळला. धडक तशी किरकोळ, गाडीला पोचा पडला इतकंच. नवऱ्याला ट्रक आरशात दिसला होता, त्यानं अंग आवळून घेतलं. सासरे बेसावध. घरी आले ते मान धरूनच. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला, आणि फेटा नवरा बांधून देऊ लागला.

मान मागं हिसकली, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मला पटेना. ट्रक मागून आला, तर मान पुढं जायला हवी. भाकरी थापतानाही डोक्यात तेच. मग माहेरची बैलगाडी आठवली. बैल एकाएकी उधळले की आम्ही पोरी मागं कलंडायचो. गाडी पुढं पळते, डोकं तिथंच राहतं. त्याला धरायला मागं काहीतरी हवं.

हात धुऊन मी सासूबाईंच्या पाठीमागची उशी ओढली.

"काऊन वं, काय झालं?"

"आत्याबाई, हे मामाजीच्या मानेची हाय," मी म्हणाले, आणि बैलगाडीचं सगळं सांगितलं. सासरे ओसरीवर ऐकत होते. संध्याकाळी पाहिलं तर उशी त्यांच्या सीटवर बसलेली होती. दुसरी नवऱ्याच्या मागं लावली, पण ती प्रत्येक खड्ड्याला खाली घसरे.

सातव्या महिन्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, जानेफळला निघाले. सुनेनं मागं बसायचं, डोक्यावर पदर घेऊन, हे ठरलेलंच. मी मागचं दार उघडलं. शेजारपाजारच्या बाया निरोपाला जमल्या होत्या.

"सूनबाई, समोर बस. मांगं उशी नाई."

सासरे माझ्याशी थेट बोलले ते हे पहिलंच. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. ते स्वतः वाकत-कण्हत मागं सासूबाईंशेजारी जाऊन बसले.

खामगावपर्यंत रस्ता म्हणजे नुसते खड्डे. माझं डोकं दर हिसक्याला उशीवर टेकायचं, आणि मला त्यांच्या मानेची काळजी लागायची. शेवटी राहवेना, वळून पाहिलं. सासऱ्यांनी फेटा सोडला होता. त्याची गुंडाळी करून दोन्ही हातांनी मानेमागं दाबून धरली होती. फेट्याशिवाय मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. पांढरं, लहानसं डोकं. मला रडू आलं.

"समोर पाह्य," ते म्हणाले. "तुही मान सरळ ठेव."