उपासाचा वार

लातुरात माझ्या मुलीच्या क्लासच्या गल्लीतला मेडिकलवाला व्हिटॅमिन डीची गोळी देताना आधी उपासाचा वार विचारतो. सोमवार म्हटलं की पाकिटावर मंगळवार लिहितो, "आठवड्याला एकच, पोटभर जेवून," असं बजावतो आणि कात्रीनं पट्टीतली एकच गोळी कापून देतो.

मुलगी दिवसभर क्लासच्या बंद खोलीत बसून गळून गेली होती. "परीक्षा आली. रोज दिली तर?" मी विचारलं.

"किडनीवर जातंय, भाऊ. मी न्हाई देणार."

मी चिडून शेजारच्या दुकानातून अख्ख्या पट्ट्या आणल्या आणि दोन महिने रोज दिल्या.

आता ती दवाखान्यात आहे. तिची औषधं मी त्याच्याकडूनच नेतो. तो मला आता उपासाचा वारही विचारत नाही.