सुटलेल्या पेशीचं पुढे काय होतं

आमच्या सोसायटीच्या गणपतीत माझं व्याख्यान ठेवलं होतं आणि ते बटाटेवड्यांनी पाडलं. हे मी आजही रागानेच सांगते. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत गणपतीची एक संध्याकाळ ज्ञानवर्धक कार्यक्रमाला दिलेली असते. गेल्या वर्षी मला बोलावलं, कारण मी कर्करोगाच्या पेशींवर काम करते आणि मानधन मागत नाही.

अर्ध्यापर्यंत बरं चाललं होतं. पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात, हे मी सांगितलं. कारल्याच्या वेलाला आधार धरणारे ताणे असतात ना, तसं समजा. काहींनी पेशी शेजारच्या पेशीला धरते, काहींनी खालच्या अस्तराला. कर्करोगात शेजारणीला धरणारे ताणे बरेचदा कमी होतात, पेशी सुटते आणि रक्तात शिरून लांब निघते. मी इथवर आले आणि मंडपाच्या मागे गरम वडे आले. खुर्च्या सरकल्या. माझ्या सासूबाई स्वतः चटणी वाढायला उभ्या राहिल्या. सुटलेल्या पेशीचं पुढे काय होतं, हा व्याख्यानाचा खरा भाग मी पुढच्या रांगेतल्या दोन आजोबांना सांगितला. त्यातले एक झोपले होते.

दिवाळीच्या आधी सासूबाईंच्या स्तनात गाठ लागली. मेथी निवडता निवडता त्यांनी ते मला सांगितलं, नळ गळतोय असं सांगावं तशा सुरात. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, सुईने छोटा तुकडा काढून बघावा लागेल, त्याशिवाय पुढचं काही ठरवता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतून काका आले. हे सासूबाईंचे धाकटे दीर, बँकेतून निवृत्त झालेले. घरातला प्रत्येक निर्णय आपल्या सहीने पुढे जातो असं त्यांना अजून वाटतं.

"वहिनी, सुई लावायची नाही," ते म्हणाले. "गाठीला लोखंड लागलं की ती पसरते, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि आता तर हिनेच माइकवरून सांगितलंय. पेशी सुटतात म्हणे. मग टोचून मोकळ्या कशाला करायच्या?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझंच अर्धं वाक्य, वड्याबरोबर खाल्लेलं, ते माझ्याच घरात माझ्यावर फेकत होते. मी उरलेलं अर्धं सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. खडकवासल्याच्या पुढे कोणी एक गृहस्थ लेप देतात, गाठ विरघळते, शंभर टक्के. तिथे कधी जायचं तेही काकांनी ठरवून टाकलं होतं.

सासूबाईंनी सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात काढली होती, आणि ऐकीव गोष्टीवर हो किंवा नाही म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. काका गेल्यावर मला म्हणाल्या, "तू दिवसभर तिथे काय करतेस ते मला दाखव."

रविवारी परवानगी काढून मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. एका प्लास्टिकच्या ताटलीतले दोन खळगे दाखवले. दोन्हींच्या तळाला, शरीरात पेशींच्या खाली जे अस्तर असतं त्यातल्याच एका प्रथिनाचा थर दिला होता. दोन्हीत कर्करोगाच्या त्याच पेशी सोडल्या होत्या. फरक एवढाच, की एका खळग्यातल्या पेशींचा अस्तराला धरणारा रिसेप्टर मी आधीच झाकून टाकला होता. त्यांच्यादेखत मी दोन्ही खळगे सारखेच धुतले आणि त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"इथे चिकटून बसल्यात," त्या म्हणाल्या. मी ताटली सरकवली. बराच वेळ त्या बघत राहिल्या. "इथे जवळजवळ कोणीच नाही."

"वाहून गेल्या. धरायला हात नव्हता."

"म्हणजे नुसतं सुटून भागत नाही."

"नाही. साधी पेशी आधार सुटला की बहुधा मरते. कर्करोगाची त्यातून तगायला शिकते, तरी वाटेत बहुतेक मरतातच. जिला नव्या जागी पकड घेता येते आणि तिथे टिकता येतं, तीच घर करते. ही पकड तिला सुई देत नाही. ती तिची ती कमावते, आणि गाठ अंगात राहू दिली तर कमवायला तिला वेळ मिळतो."

"सुईने एखादी सुटेल?"

"सुटू शकते."

"आणि तिने कुठे घर केलं, असं कधीच होत नाही?"

मला हा प्रश्न नको होता. "कधीच नाही असं म्हणता येणार नाही," मी म्हणाले. "फार क्वचित. ही गाठ कसली आहे हे न कळण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. त्या 'बरं'चा अर्थ मला कळेना.

संध्याकाळी काका लेपाचा डबा घेऊनच आले. डबा टीपॉयवर ठेवून म्हणाले, "ते शंभर टक्के म्हणतात. तू लिहून देतेस का, सुईने पसरणार नाही म्हणून?"

मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. नवरा मागोमाग आला. "काही होत नाही, एवढंच म्हण," तो हळूच म्हणाला. "आईसाठी. तसं जवळजवळ खरंच आहे ना?"

त्या 'जवळजवळ'नेच माझा जीव घेतला. खोटं बोलायची मला कधी नव्हे इतकी इच्छा झाली. मी खरं बोलले आणि सासूबाई त्या डब्याकडे वळल्या तर? माझ्या खरेपणाची किंमत त्यांनी जिवाने का मोजायची? मी घाबरले होते, चांगलीच घाबरले होते. पण मग रागच वर आला. तो लेपवाला हमी वाटतो, आता मीही वाटायला लागायचं, म्हणजे सासूबाईंना दोन हमींमधून एक निवडायची राहिली. त्यापेक्षा मी प्रयोगशाळेला कुलूप लावून लेपच का कुटू नये? मी चहाचा ट्रे उचलला.

"नाही लिहून देणार, काका," मी बाहेर येऊन म्हणाले. "सुईचा धोका अगदी शून्य आहे असं मी म्हणणार नाही. फार थोडा आहे. न लावण्याचा फार मोठा आहे. तुम्ही कितीही वेळा विचारलंत तरी हेच सांगेन."

काकांनी सासूबाईंकडे वळून बघितलं. "ऐकलंत, वहिनी? हिची हिलाच खात्री नाही."

"ऐकलं." सासूबाईंनी कप खाली ठेवला. "भाऊजी, मी आयुष्यभर पेपर तपासले. ज्याला गणित येत नाही तो उत्तराखाली दोन रेघा मारतो. ज्याला येतं तो आपण कुठे अडलो तेही लिहितो." त्यांनी लेपाचा डबा उचलून काकांच्या हातात दिला आणि मला विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

मी आत जाऊन रडले. आनंदाने नव्हे. आता जे होईल ते माझ्या शब्दावर होणार होतं.

गाठ कर्करोगाचीच निघाली. लहान होती, पसरली नव्हती. ऑपरेशन झालं, केमो झाली. सुई लावली म्हणूनच कर्करोग निघाला, असं काका बरेच दिवस सांगत होते. प्रत्येक केमोला गाडी मात्र तेच घेऊन यायचे, आणि परत येताना खड्डे चुकवत इतकी हळू चालवायचे की मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून वैतागायचे.

यंदा गणपतीत माझं व्याख्यान पुन्हा ठेवायला सासूबाईंनी लावलं. वडे शेवटी, हेही त्यांनीच ठरवलं. केस नुकते येऊ लागले होते. रुमाल बांधा म्हटलं तर म्हणाल्या, "कशाला? बघू देत." तशाच पुढच्या रांगेत बसल्या. मी या वेळी दुसऱ्या अर्ध्यापासूनच सुरुवात केली.

मध्येच काका उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "एवढं सगळं केलं," ते म्हणाले. "आता वहिनींना परत होणार नाही, हे तरी सांगशील?"

मंडपात सगळे माझ्याकडे बघत होते. मला हो म्हणायचं होतं.

"नाही सांगता येत, काका."

सासूबाईंनी मान वळवली नाही. "बसा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "वडे मिळतील, हमी मिळणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू पुढे बोल."