फल्ली नसलेलं घर

पातूरच्या स्टँडवर अकोल्याची बस लागली, तरी आई माझ्याकडून एक वाक्य पाठ करून घेत होती. "मले फल्ली चालत नाई. कूट नाई, तेल नाई, चटणी नाई." आमच्याकडे शेंगदाण्याला फल्ली म्हणतात. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, कारण आजूबाजूला माणसं होती आणि मला लाज वाटत होती. "मोठ्यानं म्हण," आई म्हणाली. "तिथं मी नसीन."

बाबा सकाळची भेंडी तोडून, बाजाराच्या गाडीत घालून थेट स्टँडवर आले होते. भेंडीच्या लवेनं हात खाजत असल्यामुळे ते सारखी बोटं चोळत होते. "पोचली का फोन करजो," एवढंच ते बोलले. अकोल्याला बस बदलून मी दुपारी अमरावतीत उतरले, बी.एस्सी. करायला.

मी चार वर्षांची असताना आईनंच मला दाण्याचा लाडू भरवला होता. माझा चेहरा सुजला, श्वास अडकला, आणि बाबांनी कोणाची तरी जीप मागून मला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तेव्हापासून आमच्या घरात फल्ली आलीच नाही. त्याचा अर्थ मला हॉस्टेलवर कळला. इतकी वर्षं मी काहीही न विचारता ताटावर बसत होते.

मेसमध्ये कूट सगळ्यात असायचं. वांग्यात, मेथीत, साबुदाण्यात, काकडीच्या कोशिंबिरीतसुद्धा. पहिल्या दिवशी मी वाढणाऱ्या मावशींना माझं वाक्य सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण चकित मात्र झाल्या. "मंग तू खातं काय, बाई?" त्या म्हणाल्या. मी वरण-भात खायचे. रोज वरण-भात आणि कधी कोरडी पोळी. बाहेर खावं तर हातात तेवढे पैसे नसत, आणि ठेल्यावरची चटणी कशाची, हे ठेलेवाल्यालाही धड सांगता येत नसे. दोन महिन्यांत कुर्ते ढगळ झाले. आईचा फोन आला की मी म्हणायचे, सगळं छान आहे.

एके दुपारी मेसमध्ये पालकाची पातळ भाजी होती. आमच्या मळ्यातल्या पालकासारखा वास आला आणि मी वाटी पुढे केली. विचारायला हवं होतं. पण मागे मोठी रांग होती, वाढणाऱ्या बाई नवीन होत्या आणि मला ते वाक्य म्हणायचा कंटाळा आला होता. खरं सांगते, फक्त कंटाळा. चौथ्या घासाला ओठ चुरचुरले. जिना चढेपर्यंत गळा आवळायला लागला. माझी रूमपार्टनर अश्विनी दर्यापूरची. तिनं माझं तोंड पाहिलं, एक शब्द न विचारता मला धरून खाली आणलं आणि ऑटोत घातलं. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर श्वास मोकळा झाला. मी डोळे पुसत होते तेव्हा ती कॉरिडॉरमध्ये माझ्या घरी फोन करत होती. मी नको म्हणणार हे तिला माहीत असावं.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा दोघंही आले. बाबा खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "चाल घरी. अकोल्याले कालेज नाई का? रोज जाणं-येणं करजो." मला शिकायचं होतं, पण त्या क्षणी मलाही घरीच जायचं होतं.

आई माझा हात धरून बसली होती. मग बाबांना म्हणाली, "इले रांधाले मीच शिकवलं नाई. अभ्यास कर, अभ्यास कर म्हनलं. चूक माही हाय. तुमी जा, भेंडी तोडाची हाय. आमी दोघी पाहतो."

हॉस्टेलवर स्वयंपाकाची परवानगी नव्हती. अश्विनीनं कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक खोली शोधली, आणि तीही हॉस्टेल सोडून आली. आई आठ दिवस राहिली. दोन पातेली, एक तवा, एक विळी एवढ्यावर तिनं मला शिकवलं. कुटाच्या जागी भाजलेला तीळ, नाहीतर जवस. रस्सा दाट करायला फुटाण्याची पूड. ज्वारीची भाकर माझ्याकडून तुटायची, तर म्हणायची, "तुटू दे, पोटात तुकडेच जातेत." पाकिटामागची बारीक अक्षरं तिला वाचता येत नव्हती. ती एकेक पाकीट माझ्यासमोर धरायची आणि मी वाचून होईपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राहायची.

मग मी बाजारात जाऊ लागले. भाजीवाल्याच्या पोरीला भाजी विकत घेणं फार विचित्र वाटतं. घासाघीस माझ्यानं व्हायचीच नाही. पण संध्याकाळी उरलेल्या चवळीचा, सांभाराचा म्हणजे कोथिंबिरीचा वाटा स्वस्तात मिळतो आणि त्यातली ताजी जुडी कोणती हे मला न बघता कळतं. तुरीची डाळ, पालेभाजी, भाकर, जवसाची चटणी. थोड्या पैशांत इतकं चांगलं खाता येतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं. अश्विनीनं खोलीत फल्ली आणणं बंद केलं. तिनं ते बोलूनही दाखवलं नाही.

तुम्ही जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या तुम्हा दोघांनाही हे सांगावंसं वाटतं की आता मला ते वाक्य मोठ्यानं म्हणता येतं. लग्नाच्या पंगतीत, मैत्रिणीच्या घरी, टपरीवर, कुठेही. लोक पाहतात. पाहू देते.

या दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबा मळ्यातून आले आणि ओसरीत न थांबता मागच्या पाण्याच्या मोटारीवर गेले. साबणानं हात धुतले, तीनदा चूळ भरली, सदरा बदलला. मी आईला विचारलं. "शेजारच्या वावरात फल्ली भाजून रायले होते," ती म्हणाली. "त्यायले लय आवडते. तिथंच खातेत, मंग धून येतेत. तू लहान होती तवापासून."

मी म्हटलं, "आई, मी आता वर्षातून चार वेळा येते. बाकीचे दिवस तरी आणत जा घरात. बाबांना खाऊ दे."

आई भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"तू कवा येशीन," ती म्हणाली, "सांगता येते का?"