रुमालाची अट

शहापुरातल्या कोष्टी गल्लीत एक आप्पा होते. साड्या विणून उरलेल्या सुतातून ते जुन्या पोथ्या बांधून ठेवायला रुमाल विणायचे आणि फुकट द्यायचे. अट एकच, पोथीतलं एक पान त्यांना वाचून दाखवायचं. स्वतः त्यांना अक्षरओळख नव्हती.

मी शाळेत संस्कृत शिकवायचो. आजोळहून आणलेल्या ज्योतिषशास्त्राच्या पोथीची मी नक्कल केली होती आणि ती पुण्याच्या एका पंडितांकडे पाठवायची होती. पोथी आणि नक्कल दोन्ही घेऊन रुमाल आणायला गेलो तेव्हा त्या नकलेतलंच पान वाचायला घेतलं. मध्येच मागावरचे आप्पांचे पाय थांबले.

"गुरुजी, हितं कायतरी सुटलंय. चाल लंगडली बघा."

मी हसलो. तरी मूळ पोथी उघडली, तर खरोखरच श्लोकाची एक ओळ माझ्याकडून गळली होती. माझे कान तापले.

"आप्पा, तुम्ही नसता तर पंडितांपुढं माझी शोभा झाली असती!"

"ते ऱ्हाऊ द्या. आता त्या ओळीचा अर्थ सांगा की."

मी ओळ दोनदा वाचली, तीनदा वाचली. "नाही कळत, आप्पा," शेवटी कबूल केलं.

आप्पा पोट धरून हसले. "व्हय? मग लई बरं झालं. मला वाटायचं, मला एकट्यालाच कळत न्हाय!"