हात मागं न्यायचा नाही

माझ्या सासूबाई गोठ्यात शेणावरून घसरल्या आणि त्यांच्या उजव्या दंडाचं हाड वरच्या टोकाला, खांद्यातच चुरलं. आमच्या औंढ्यात सासूला आत्या म्हणतात, मीही आत्याच म्हणते. वय सत्तरीच्या पुढचं. डॉक्टर म्हणाले, पट्टी न् स्क्रू धरायला हाडच उरलेलं नाही, आख्खा सांधा बदलावा लागेल.

ऑपरेशननंतर त्यांनी समजावलं. खांद्यात जिथं वाटी असते तिथं आता गोळा बसवलाय, आणि गोळ्याच्या जागी वाटी. मुद्दाम उलटं. आत्या खाटेवरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "उलटं बसिवल्यालं सुलट चालंल व्हय?" ते वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

मग डॉक्टरांनी स्वतःचा हात पँटच्या मागच्या खिशाला लावून दाखवला. हे करायचं नाही. हात मागं न्यायचा नाही, हातावर जोर देऊन उठायचं नाही. सांधा निखळला तर पुन्हा धरेलच असं नाही, आणि या वयात दुसऱ्यांदा उघडणं जिवावरचं काम आहे.

"मला कुटं खिसा हाय?" आत्या म्हणाल्या. सगळे हसले, नर्ससुद्धा. मला मेलीला हसू येईना. खिसा नाही, पण काष्टा आहे ना! ही बाई लग्नापासून नऊवारी नेसते. रोज सकाळी हात पाठीमागं नेते आणि काष्टा कचकन खोचते.

घरी आल्या आल्या मी त्यांची लुगडी ट्रंकेत घातली आणि लोणावळ्याच्या बाजारातून पुढं बटणं असलेले गाऊन आणले. मढ्यावरचं कापड आणल्यासारखं आत्यांनी त्यांच्याकडे बघितलं. घातले, पण ओट्यावर यायचं सोडलं. आतल्या खोलीत दार लोटून बसायच्या. कुणी आलं की म्हणायच्या, "झोपलीया म्हनून सांग. झबल्यातली म्हातारी काय दावायची लोकास्नी?"

एक दिवस माझं डोकं फिरलं. "अहो, मी नेसवते ना! तुम्ही नुसत्या उभ्या राहा, काष्टा मी खोचते."

त्यांनी डोळे वटारले. "सुनंनं माजा काष्टा खोचायचा? मेल्यावर खोच."

"मग बसा झबल्यात!" मीही सुनावलं.

ट्रंकेला कुलूप लावू या, असं मी नवऱ्याला म्हटलं. तर म्हणे, "आईच्या लुगड्यांना कुलूप? लोक तोंडात शेण घालतील." त्याचंही खरंच होतं. पण त्यानंतर आत्या बोलायच्याच बंद झाल्या. आमच्या आत्या गप्प बसल्या की समजावं, काहीतरी शिजतंय. दुपारी डोकावून बघावं तर उजवा हात गळ्यातल्या झोळीत आणि डावा ट्रंकेवर. मला धडकीच भरायची. कामात लक्ष लागेना, भाकऱ्या करपायला लागल्या.

त्या रविवारी त्यांचे थोरले दीर, आमचे आबा, सुदुंबऱ्याहून त्यांना बघायला आले. नवरा गाडी घेऊन लोणावळ्याला गेलेला. थोरल्या दिरापुढं आत्या जन्मात कधी उघड्या डोक्यानं गेल्या नव्हत्या, आणि गाऊनला पदर कुठला? मी आबांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि आत जाऊन बजावलं, "आत्या, हलू नका. शाल आणते, ती डोक्यावरून घ्या."

"व्हय," त्या म्हणाल्या.

माझ्या शब्दाला त्या इतक्या पटकन व्हय कधीच म्हणत नाहीत. पण शाल पलीकडच्या खोलीत होती. कपाटात हात घातला आणि ट्रंकेचं झाकण करकरलेलं ऐकू आलं.

मी पळत आले तर दाराला आतून कडी.

"आत्या! अहो, हात मागं नेऊ नका! थांबा, दार उघडा, मी खोचते!"

आतून लुगड्याची सळसळ येत होती, धाप लागल्याचा आवाज येत होता. बाहेरून आबा विचारत होते, "काय झालं गं पोरी?" मी दारावर थापा मारत होते. मग आत बारीकसा खट्ट आवाज झाला आणि सळसळ थांबली. आत्या ओरडल्यासुद्धा नाहीत.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. गाऊनवरूनच हिरवं लुगडं गुंडाळलेलं, डोक्यावर पदर अगदी व्यवस्थित. झोळी जमिनीवर पडलेली. उजव्या खांद्याचा गोलवा गेला होता आणि त्याच्या पुढं भलताच उंचवटा आला होता. चेहरा पांढराफटक, ओठ दातांखाली. मागं काष्ट्याचं टोक लोंबत होतं.

"भावजी बसल्यात का?" त्यांनी विचारलं.

"बसलेत."

"मग खोच."

मला रडू फुटलं. राग इतका आला होता की त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि त्यांना तर बोटसुद्धा लावायची भीती वाटत होती. मी त्यांच्या मागं वाकले, निऱ्या सारख्या केल्या आणि काष्टा खोचला. मग ॲम्ब्युलन्सला फोन लावला.