तोळ्यांवर तोललेलं विमान

विमान बांधणं ही तपश्चर्या असते, असं आमचे शेजारी म्हणत. ते जळगावात पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि ही तपश्चर्या बहुतेक सोनाराच्या दुकानात चाले. मेहुण्याने परदेशातून रेडिओवर उडणाऱ्या लढाऊ विमानाचा संच आणला होता, पंख पुरुषभर लांब. त्याचा प्रत्येक भाग ते सोनाराच्या तराजूवर तोलत आणि जड वाटला तर घासत. "तोळाभर जास्त झालं की उठायचं नाही," हे सांगताना ते आवाज खाली आणत.

तीन वर्षांनी धरणगावबाहेरच्या माळावर पहिलं उड्डाण ठरलं. इंजिन सुरू करणार तोच त्यांच्या थोरल्या बहीण, अक्का, लिंबू-मिरची घेऊन पुढे आल्या.

"बठ्ठा लोक देखी ऱ्हायनात, भाऊ. नजर लागी जाई."

"अक्का, वजन वाढी जाई!"

"मंग दुसरं काही काढ."

सोनार तराजू घेऊनच आला होता. लिंबू-मिरची साडेतीन तोळे भरली. शेजाऱ्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली. मग काचेचं झाकण उघडून, ज्याच्या मिशा रंगवायला महिना गेला होता तो लाकडी वैमानिक बाहेर काढला आणि तराजूत ठेवला. चार तोळे.

"अर्धा तोळा वाचला," ते म्हणाले.

विमान छान उडालं. वैमानिक अक्कांच्या पिशवीत होता.